काळ्या करकोच्याचं घरटं, थेट कॅमेरा: चौथं पिल्लू मागे पडतंय, काय समजायचं?

नदीकाठ (१३ जून)

एस्टोनियातल्या एका काळ्या करकोच्याच्या घरट्याचा कॅमेरा बघते आहे. पिल्लं चार. पहिलं ३१ मे रोजी अंड्यातून बाहेर आलं, शेवटचं ४ जूनला. म्हणजे आज थोरलं तेरा दिवसांचं, धाकटं नऊ. धाकटं थोरल्याच्या जेमतेम निम्मं दिसतं. आई किंवा बाप (कोण कोणतं ते ओळखू येत नाही) येऊन मासे ओकतात, तिघं त्यावर तुटून पडतात आणि धाकटं मागे चोच उघडून डोलत राहतं. चॅटमध्ये कुणीतरी कालपासून सारखं लिहितंय की बाप याला उचलून खाली फेकणार.

विचारायचं ते असं. धाकटं खरंच उपाशी आहे की तसं फक्त दिसतंय, हे पडद्यावरून कसं ठरवायचं? आईबाप पिल्लू फेकतात हे खरं का? सगळ्यांना सगळं दिसत असताना कुणी चार मासे नेऊन का ठेवत नाही? आणि बघायचं नेमकं कधी? आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजतात तरी तिथे उजेड असतो. भादलवाडीच्या वसाहतीतल्या चित्रबलाकांची (रंगीत करकोच्यांची) माहिती आहे, पण इथलं सगळंच वेगळं वाटतंय.

---

दुर्बीणवाला

आधी घड्याळाचं उरकून घेऊ. उन्हाळ्यात एस्टोनिया आपल्या अडीच तास मागे असतो. जूनच्या मध्यावर तिथे चारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेदहाच्या आसपास मावळतो, म्हणजे आपल्या सकाळी साडेसहापासून रात्री एकपर्यंत. रात्र साडेपाच तासांची, तीही धड काळोखी नाही. एवढ्या लांब दिवसाला पूर्ण वेळ बसून कुणी पुरणार नाही, आणि तशी गरजही नाही.

प्रक्षेपण यूट्यूबवर असेल तर बारा तासांपर्यंत मागे जाता येतं. सकाळी सातला उघडलंत तर आदल्या संध्याकाळचं सातपासूनचं सगळं हाताशी असतं. मागे गेल्यावर वेग दुप्पट करा. कीबोर्डवर ‘जे’ दाबलं की दहा सेकंद मागे, ‘एल’ दाबलं की दहा सेकंद पुढे. भरवणं दिसलं की थांबवा आणि स्वल्पविराम-पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चौकट (फ्रेम) सरकवा. मासे मोजायचे ते इथेच. चालू चित्रात मोजायला गेलात तर हमखास चुकाल, कारण ढीग पडल्यापासून संपेपर्यंत कधीकधी मिनिटसुद्धा लागत नाही.

वहीत वेळ लिहाल ती चित्राच्या कोपऱ्यातली, तिथली. दोन घड्याळं मिसळली की आठवड्याभराने ‘दिवसाला किती वेळा भरवलं’ याचा हिशेब कधीच जुळत नाही. मध्यरात्रही तिथलीच धरा.

माशाचा आकार चोचीवरून काढायचा. मोठ्या पक्ष्याची चोच १६ ते १९ सेंटीमीटर असते. मासा चोचीच्या निम्मा दिसला तर आठ-नऊ सेंटीमीटर. दोघं कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असतानाच हे माप घ्यायचं. ओकताना चोच ढिगाला टेकलेली असते, तो क्षण सगळ्यात चांगला.

---

पाणकणीस

ताई, तुम्ही भरवण्याचा पहिला अर्धा भाग बघताय. धाकट्याचं नशीब दुसऱ्या अर्ध्यात ठरतं.

करकोचा चोचीतून थेट पिल्लाच्या तोंडात घालत नाही. तो घरट्याच्या मधोमध चोच खाली करतो, मान दोन-तीनदा आखडतो आणि सगळा माल शेवाळावर ओततो: छोटे मासे, बेडूक, कधी पाणकिडे. पिल्लांनी वेचून गिळायचं. त्यामुळे ज्याची मान लांब आणि पाय पक्के, तो पहिला. थोरली पिल्लं एकामागून एक गिळतात, मग मान जड होऊन खाली बसतात. ढीग मोठा असेल तर धाकट्याची पाळी इथे येते. ढीग लहान असेल तर येत नाही. म्हणून ‘धाकट्याला ढकललं’ या नोंदीला फारसा अर्थ नाही. ‘थोरली बसल्यावर घरट्यात काही उरलं होतं का आणि ते कुणी खाल्लं’ ही नोंद हवी.

उरलेलं कधीकधी मोठा पक्षी स्वतः परत गिळतो आणि थोड्या वेळाने पुन्हा ओकतो. चॅटमध्ये यावर ‘पिल्लांच्या तोंडचा घास काढला’ म्हणून शिव्या पडतात. उलट धाकट्याला खरा वाटा पुष्कळदा या दुसऱ्या ओकण्यातच मिळतो, कारण तेव्हा थोरल्यांची पोटं भरलेली असतात. गिळायला मोठा पडणारा मासाही असाच परत जातो.

आता आकाराचं. मादी साधारण दोन दिवसांच्या अंतराने अंडी घालते, पण सगळी घालून होण्याच्या आधीच बसायला लागते. त्यामुळे पिल्लंही मागेपुढे निघतात. तुमच्याकडे चार दिवसांचं अंतर आहे. नऊ दिवसांच्या पिल्लाला चार दिवस म्हणजे जवळजवळ निम्मं आयुष्य. हेच अंतर पन्नासाव्या दिवशी शोधूनही सापडत नाही. आज निम्मं दिसणं ही काळजीची गोष्ट नाही. तीन दिवसांनीही आहे तेवढंच दिसलं, तर आहे.

रोज एकाच कोनातलं, शक्यतो सकाळच्या पहिल्या भरवण्यानंतरचं, एक चित्र साठवा आणि पुढच्या गोष्टी त्यात बघा. धाकट्याचं पोट घरट्याला टेकून फुगलेलं आहे का? मोठा पक्षी काठावर उतरताच ते डोकं वर करून ओरडत पुढे येतं का? झोपताना चौघांच्या गोळ्यात आहे की काठाशी एकटं? पोट भरलेलं पिल्लू मागे सरकून घरट्याच्या कडेबाहेर शीट टाकतं. दिवसभरात एकदाही ते करताना दिसलं नाही, तर पोटात काही गेलेलं नाही असं धरा. या चारांपैकी तीन गोष्टी ठीक असतील, तर ते लहान आहे, उपाशी नाही. पक्षी उतरल्यावरही उठत नसेल तर मात्र हातात फार वेळ उरलेला नसतो.

---

तार्तूकर

फेकण्याबद्दल. होय, खरं आहे. काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही करकोच्यांत आईबापांनीच एखादं पिल्लू मारल्याच्या किंवा घरट्याबाहेर टाकल्याच्या नोंदी आहेत, पोलंडमधून त्यावर लिहिलंही गेलं आहे. ‘बाप फेकतो’ हा चॅटचा लाडका समज, पण नर-मादी दोघांपैकी कुणीही हे करू शकतं. बळी बहुतेक वेळा सगळ्यात धाकटं पिल्लू, आणि तेही लहान वयात. पक्षी त्याला मानेशी किंवा पंखाशी धरून उचलतो, झटकतो, पुन्हा ठेवतो, पुन्हा उचलतो. एकदा उचलून ठेवलं म्हणजे संपलं असंही नाही, पण तेच वारंवार होऊ लागलं तर शेवट साधारण ठरलेला असतो.

कारण निव्वळ हिशेबाचं. वाढत्या पिल्लाला ढोबळ मानाने दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम खाणं लागतं. चार पिल्लांचे सोळाशे ग्रॅम ते दोन किलो झाले, आईबापाचं वेगळंच. हे सगळं पाच-दहा सेंटीमीटरच्या माशांतून, जंगलातल्या सावलीतल्या उथळ ओढ्यांतून आणायचं, आणि ओढा वीस किलोमीटरवरही असू शकतो. मे कोरडा गेला, ओढे आटले, की चार पिल्लांचं गणित मुळातच बसत नाही. थंड पावसाचा सलग आठवडाही तसाच वाईट, पाणी गढूळ झालं की मासा दिसत नाही.

‘कुणी मासे का ठेवत नाही’ याचं उत्तर दोन भागांत आहे. घरट्यावर चढून मासे ठेवायचे म्हणजे माणूस झाडावर जाणार आणि मोठे पक्षी उडून जाणार. नऊ दिवसांची पिल्लं थंडीत उघडी पडतील, वर जंगलात कावळ्याचा मोठा भाऊ रेव्हन आणि गोशॉकसारखे शिकारी पक्षी बघतच असतात. एका पिल्लासाठी चारही गमावण्याचा तो मार्ग. हा पक्षी एस्टोनियात संरक्षणाच्या पहिल्या, सर्वांत कडक श्रेणीत येतो. घरट्याची जागा गुप्त असते, भोवतालच्या वर्तुळात झाड तोडणं सोडाच, हंगामात पाय ठेवायलाही बंदी. एकेकाळी अडीचशेच्या आसपास जोड्या होत्या, आज शंभराच्या आत आहेत. म्हणून तिथले लोक फार जपून हात घालतात.

दुसरा भाग असा की मदत होते, पण घरट्यात नाही, ओढ्यात. पक्षी जिथे आधीपासून मासे पकडायला उतरतो, त्याच उथळ पाण्यात जाळीची टोपली बसवून जिवंत मासे सोडतात आणि शेजारी आपोआप चित्र घेणारा छोटा कॅमेरा लावतात. पाणी पक्ष्याच्या पायाच्या नळीच्या निम्म्यापर्यंतच हवं, खोल झालं तर तो उतरत नाही. फसतं कुठे? जागा पक्ष्याच्या वाटेवर नसेल तर त्याला टोपली सापडतच नाही, आणि पाणमांजर किंवा राखी बगळा आधी शोधून काढतात. एक पालक नाहीसा झाला असेल तेव्हा या टोपलीचा खरा उपयोग. दोन्ही पालक गेले तर पिल्लं उतरवून हाताने वाढवणं किंवा समवयस्क पिल्लं असलेल्या दुसऱ्या घरट्यात ठेवणं, हेही झालेलं आहे. दोघं पालक हजर असताना केवळ धाकट्यासाठी कुणी काही करेल अशी अपेक्षा धरू नका.

तिथली चर्चा वाचायची असेल तर चार शब्द पुरतात. ‘पेसा’ घरटं, ‘मुना’ अंडं, ‘पोयाद’ पिल्लं, ‘काला’ मासा. काळ्या करकोच्याला ते ‘मुस्त-टोनेकुर्ग’ म्हणतात, त्यातलं ‘मुस्त’ म्हणजे काळा. आपल्याकडची मंडळी ‘काला’ वाचून रंगाबद्दल बोलणं चाललंय असं समजतात आणि तिथे माशांचा दुष्काळ पडलेला असतो. कॅमेरे चालवणाऱ्या गरुड मंडळाचं नाव ‘कोटकाक्लुबी’, आणि ‘लोडुसकालेंडर’ या निसर्ग-संकेतस्थळावर रोजच्या घडामोडी इंग्रजीतही मिळतात.

---

नदीकाठ

खूप आभार. ‘दुसरा अर्धा’ हे डोक्यातच आलं नव्हतं. आज मागे जाऊन तीन भरवणी तपासली. दोनदा धाकट्याला शेवटी मिळालंय, एकदा ढीगच लहान होता.

आता नवी भानगड. सकाळपासून (तिथल्या सहापासून) एकच पक्षी घरट्यात बसून आहे, पाऊस चालू आहे, नऊ तास झाले तरी दुसरा आलेला नाही. चॅटमध्ये रडारड. आणि नर कोणता, मादी कोणती?

---

सातपुडा

नऊ तास पावसात म्हणजे अजून काहीही नाही. पिल्लं तीन आठवड्यांची होईपर्यंत एक पक्षी सतत घरट्यात असतो आणि पाळी दर दोन-पाच तासांनी बदलते. पावसात बदली लांबते. दहा ते वीस दिवसांची पिल्लं सगळ्यात अडचणीची असतात: पंखाखाली पूर्ण मावत नाहीत आणि अंगावरची लव पाणी अडवत नाही. म्हणून बसलेला पक्षी उठायलाच तयार नसतो. बाहेर गेलेला पक्षी गढूळ पाण्यात रिकाम्या पोटी परतण्यापेक्षा थांबतो. दिवस मावळून दुसरा उजाडला, पाऊस थांबून चार तास झाले आणि तरीही एकटाच पक्षी दिसतोय, असं झालं तर काळजी सुरू करा. बसलेला पक्षी पिल्लं उघडी टाकून स्वतः शिकारीला निघाला, ही दुसरी आणि जास्त पक्की खूण.

वयाचा फरक इथे फार पडतो. पिल्लं तीन आठवड्यांच्या आत असताना एक पालक गेला तर राखण आणि शिकार दोन्ही एकट्याला जमत नाही. पाच आठवड्यांनंतर गेला तर दोन-तीन पिल्लं एकट्याच्या बळावर निभावून जाऊ शकतात, कारण एरवीही तेव्हा दोघं दिवसभर बाहेरच असतात.

नर-मादी. रंग दोघांचा अगदी सारखा, एकटा पक्षी बघून सांगणं धोक्याचं. शेजारी उभे राहतात तेव्हा बघा: नर थोराड, चोच लांब आणि बुडाशी जाड. पण त्याहून भरवशाचं म्हणजे दोघांची ओळखपत्रं तयार करणं. पायात ओळखीची कडी आहे का, कुठल्या पायात, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली. डोळ्याभोवतीच्या लाल कातडीचा आकार. चोचीवर डाग किंवा ओरखडा. पाठीवर ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र आणि त्याची बारीक तार. दोघांचं एकेक चित्र समोर ठेवलं की आठवड्यात नजर बसते.

कडीवरचा कोड वाचता येत नसेल तर उन्हाच्या दिवसांत त्यामागे लागू नका. करकोचे अंग थंड ठेवायला स्वतःच्या पायांवर शीट सोडतात, ती वाळून पाय पांढरे होतात आणि कडी त्याखाली जाते. आजच्यासारख्या पावसानंतर किंवा पक्षी पाण्यातून नुकताच आलेला असताना कोड स्वच्छ दिसतो.

पाळी बदलताना आवाज चालू ठेवा. पांढरा करकोचा चोच वाजवतो तसा काळा सहसा वाजवत नाही. येणारा आणि बसलेला, दोघं मान खाली-वर करतात, शेपटीखालची पांढरी पिसं फुलवून बाजूला काढतात आणि घोगरी शीळ घालतात. हे स्वागत झालं नाही आणि बसलेला पक्षी चोच पुढे करून अंगावर गेला, तर आलेला परका आहे. तेव्हा लगेच वेळ लिहून ठेवा, पुढचा तासभर महत्त्वाचा.

---

दुर्बीणवाला

सातपुडा, एका गोष्टीत भर. यंत्र लावलेल्या पक्ष्याचा नकाशा गरुड मंडळ उघड करतं, पण तो बहुधा उशिराने आणि घरट्याजवळचा भाग झाकून. ‘नकाशात पक्षी हलत नाही’ म्हणजे तो मेला असं होत नाही. यंत्र सौरऊर्जेवर चालतं, ढगाळ हवेत आणि दाट सावलीत चार्ज उतरतो आणि माहिती दिवसभर अडकते.

कॅमेऱ्याचंही तेच. सौरपट्ट्या, जमिनीवरची बॅटरी, मोबाइलचं इंटरनेट. तीन दिवस ढग राहिले की रात्री चित्र बंद होतं. बिघाड झाला तरी हंगामात कुणी चढून दुरुस्त करत नाही. सगळं पक्षी यायच्या आधी, मार्चच्या अखेरीपर्यंत बसवून ठेवलेलं असतं. काच धुरकट झाली तर ती पिल्लांची शीट असू शकते. रात्री पडद्यावर पांढरे धागे हलताना दिसले तर ते कोळ्याचं जाळं: इन्फ्रारेड दिव्याजवळ किडे येतात, किड्यांमागे कोळी. दोन्हीवर उपाय एकच, पाऊस. चॅटमध्ये ‘कुणी कॅमेरा पुसा’ लिहून काही होत नाही.

---

पाणकणीस

पुढचे सात आठवडे काय बघायचं ते लिहून ठेवते, म्हणजे दर दोन दिवसांनी ‘हे असं का’ विचारावं लागणार नाही.

सध्या पिल्लं पांढऱ्या लवेत, चोच पिवळी-नारिंगी आणि बसणं टाचांवर. पायांवर उभं राहायला अजून बराच वेळ आहे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पंखांच्या कडेला काळ्या काड्या दिसू लागतात, त्या पिसांच्या नळ्या. त्याच सुमारास पालक दोघंही एकाच वेळी बाहेर जायला लागतात. चॅटमध्ये ‘पिल्लं टाकून दिली’ असा ओरडा होतो तो याच आठवड्यात. पाचव्या आठवड्यात ती नीट उभी राहतात, पाठ काळी, डोकं मात्र अजून लवेचं, अगदी विनोदी दिसतात.

कडी घालायला माणसं येतात ती साधारण याच वेळी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. त्याआधी पाय बारीक असतो, त्यानंतर पिल्लू घाबरून उडी मारतं. माणूस वर आला की पिल्लं घरट्यात सपाट पडतात, मेल्यासारखी. ती मेलेली नसतात. काम पटकन उरकतं, पण पालक परतायला दोन-तीन तास घेऊ शकतात.

सातव्या आठवड्यापासून पंख मारणं, जागच्या जागी उड्या. साठ ते सत्तर दिवसांच्या मध्ये पहिलं उड्डाण. तुमच्या थोरल्याचा साठावा दिवस ३० जुलैला येतो, धाकट्याचा ३ ऑगस्टला. उडाल्यावर ती घरट्यावर परत येतात, कारण जेवण अजून तिथेच मिळतं. रिकामं घरटं बघून बंद करू नका, भरवण्याच्या वेळी चौघं कुठूनतरी उगवतात. पहिल्या वर्षीच्या पिल्लाची चोच आणि पाय हिरवट-करडे, पिसं तपकिरी झाक असलेली. लाल चोच मोठ्यांची.

या वयात एक नवा धोका सुरू होतो. काठावर दाटीवाटीने पंख मारताना एखादं पिल्लू ढकललं जाऊन खालच्या फांदीवर पडतं. फांदीवर असेल तर पुष्कळदा चढून परत येतं. जमिनीवर पडलं तर कोल्हा किंवा मार्टेन (मुंगसासारखा, झाडावर चढणारा शिकारी प्राणी). समुद्री गरुड आणि गोशॉक मात्र कुठल्याही वयात, थेट घरट्यावर. मार्टेन खोडावरून चढतो, म्हणून काही झाडांना खोडाभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळलेला असतो. कॅमेऱ्यात तो दिसत नाही, म्हणजे नाहीच असं समजू नका.

फार ऊन असेल तेव्हा पालक पंख अर्धे उघडून पाठीवर ऊन घेत उभा राहतो, ती पिल्लांवरची सावली. चोचीतून पाणी आणून पिल्लांच्या अंगावर ओततानाही दिसेल. याला ‘मासे न आणता आला’ म्हणून नोंदवू नका, वेगळा रकाना करा.

---

नदीकाठ

दुसरा पक्षी तिथल्या १७:४० ला आला. मान खाली-वर, शेपटीखाली पांढरं, शीळ, सगळं जसंच्या तसं. आल्या आल्या मोठा ढीग ओतला. चौकटी मोजल्या तर किमान २६ मासे.

शेवटचा प्रश्न: ही मंडळी हिवाळ्यात आपल्याकडे येतात का? उजनीवर काळा करकोचा दिसल्याचे फोटो असतात.

---

तार्तूकर

नाही, ही नव्हेत. बाल्टिकमधले काळे करकोचे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दक्षिणेला निघतात. बरेचसे बॉस्फरस (तुर्कस्तानातली सामुद्रधुनी) ओलांडून इस्रायलमार्गे पूर्व आफ्रिकेकडे, काही इस्रायलच्या मत्स्यतळ्यांवरच हिवाळा काढतात, थोडे पश्चिमेकडून जिब्राल्टरच्या वाटेने. मादी बहुतेक आधी निघते, नर शेवटपर्यंत भरवत राहतो. पिल्लं आईबापांच्या मागे जात नाहीत, ज्याची त्याची वाट. भारतात येणारे मध्य आशिया, सायबेरिया, मंगोलिया या बाजूचे. जात एक, गाव वेगळं.

---

सातपुडा

आणि महाराष्ट्रात बघताना गफलत होते ती पांढऱ्या मानेच्या करकोच्याशी. त्याची मान लोकरीसारखी पांढरी. काळ्याची मान पूर्ण काळी, उन्हात हिरवट-जांभळी झाक, पोट पांढरं, चोच-पाय लाल. आपल्याकडे तो संख्येने कमी, बुजरा, एकटादुकटा, नदीच्या उथळ पात्रात. विणीच्या ठिकाणी तर त्याहून एकटा. चित्रबलाक एका बाभळीवर दहा-दहा घरटी करतात, हा जंगलात एका जुन्या झाडावर एकटा. म्हणून भादलवाडीचा अंदाज इथे लावला की चुकतो. वसाहतीत दिवसभर ये-जा दिसते, इथे चार-चार तास काहीच घडत नाही आणि ते बरोबरच असतं.

२६ माशांच्या ढिगात धाकट्याला किती?

---

नदीकाठ

पहिल्या अर्ध्यात शून्य. १७:४२ ला थोरली दोन बसली, तिसरं अजून खात होतं. १७:४३ ते १७:४५ मध्ये धाकट्याने ७ गिळले, आठवा मोठा होता तो टाकला. पक्ष्याने तो परत गिळला. १८:१० ला पुन्हा ओकला, धाकटं झोपलेलं होतं, उठलं नाही.

---

पाणकणीस

पोट टेकलंय का?

---

नदीकाठ

टेकलंय. आणि १८:३१ ला मागे सरकून कडेबाहेर शीट.

---

पाणकणीस

मग भरल्या पोटी झोपलंय. उद्याच्या चित्रासाठी कोन तोच ठेवा. १६ तारखेला आजचं आणि त्या दिवशीचं शेजारी लावा.